सूक्ष्म आरएनए व पोष ग्रंथीतील जननग्रंथिपोषक हॉर्मोने

संदेशवाही आरएनएच्या (रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या) कार्याचे नियंत्रण करणाऱ्या, सु. २२ न्यूक्लिओटाइडांच्या आखूड रेणूंना सूक्ष्म आरएनए म्हणतात. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही. इतर जनुकांपासून किती प्रथिन तयार व्हावे, यावर ते नियंत्रण ठेवतात. व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकून यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीतील अशा पहिल्या रेणूचे व त्याच्या कार्याचे वर्णन केले. त्याबद्दल त्यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्यपद्धती : सूक्ष्म आरएनएचा लांब पूर्वगामी रेणू केंद्रकात ड्रोशा व कोशिकाद्रव्यात डायसर या एंझाइमांनी तोडला जातो. उरलेला आखूड धागा आर्गोनॉट प्रथिनाशी संलग्न होऊन, पूरक क्रम असलेल्या संदेशवाही आरएनएला चिकटतो. त्यामुळे त्या संदेशाचे प्रथिनात रूपांतर थांबते किंवा संदेशाचेच विघटन होते.

पोष ग्रंथीतील कार्य : पोष ग्रंथीच्या अग्रखंडातील विशिष्ट कोशिका पुटकोद्दीपक (एफएसएच) व पीतपिंडकारक (एलएच) ही हॉर्मोने स्रवतात. दोन्हींतील आल्फा उपएकक समान असून बीटा उपएकक भिन्न असते. अधोथॅलॅमसातून ठरावीक अंतराने स्रवणारे, दहा ॲमिनो अम्लांचे मोचक हॉर्मोन (जीएनआरएच) त्यांच्या निर्मितीस चालना देते. त्याचे स्पंद शीघ्र असल्यास मुख्यत्वे एलएचची व मंद असल्यास एफएसएचची निर्मिती वाढते.

या नियंत्रणातील सूक्ष्म आरएनएचा वाटा उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. केवळ या कोशिकांतील डायसर काढून टाकले असता दोन्ही हॉर्मोनांची पातळी अतिशय घटते व प्रजननक्षमता बिघडते, असे २०१५ मध्ये आढळले. तत्पूर्वी २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी एमआयआर-२००बी व एमआयआर-४२९ यांचा अभाव असलेल्या माद्यांचा अभ्यास केला होता. झेब-१ हे प्रथिन एलएचच्या बीटा उपएककाचे जनुक दडपते आणि हे दोन रेणू झेब-१ ला आवर घालतात. ते नसल्यास झेब-१ वाढते, एलएच कमी पडते, अंडमोचनापूर्वी होणारी त्याची एकाएकी वाढ नीट होत नाही व माद्या वांझ राहतात. येथे दडपणाऱ्यालाच दडपल्यामुळे हॉर्मोनाची निर्मिती शक्य होते.

एफएसएचबाबतही अशीच साखळी आढळते. मोचक हॉर्मोनाच्या प्रभावाने एमआयआर-१३२ व एमआयआर-२१२ वाढतात आणि सर्ट-१ हे एंझाइम घटते. परिणामी फॉक्सओ-१ हे दडपणारे प्रथिन केंद्रकाबाहेर जाते व एफएसएचच्या बीटा उपएककाचे जनुक कार्यान्वित होते.

महत्त्व : अंडाशय निर्दोष असूनही पोष ग्रंथीतील एखाद्या आखूड रेणूच्या अभावी अंडमोचन थांबू शकते, हे या संशोधनाने दाखविले. अंडमोचनाच्या अभावामुळे उद्‌भवणाऱ्या वंध्यत्वाची कारणे शोधताना ही बाब लक्षणीय ठरते. तथापि हे निष्कर्ष प्राण्यांवरील व संवर्धित कोशिकांवरील प्रयोगांचे असल्याने ते मानवास सरळ लागू करता येत नाहीत. शिवाय एकच सूक्ष्म आरएनए अनेक संदेशांवर परिणाम करीत असल्याने, त्याचा औषध म्हणून वापर करताना इतर ऊतकांवर होणारे परिणामही विचारात घ्यावे लागतात.