कपाटातला टेपरेकॉर्डर पुन्हा वाजवायचाय?

नंदुरबार-शहादा-तळोदा पट्ट्यात मोबाईल यायच्या आधी अहिराणी आणि भिली गाणी घराघरांत वाजायची ती कॅसेटवरच. ती सगळीच काही मोबाईलवर सापडत नाहीत. म्हणून मी पुन्हा टेपकडे वळलो.

फिलिप्सने कॅसेट आणली 1963 साली. 60 मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण 90 मीटर फीत असते आणि ती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. वेग जरा चुकला की सूर बिघडलाच.

कॅसेट लावण्याआधी एवढं बघा:

▪ गाणं रेंगाळतंय? बहुतेक आतला रबरी बेल्ट सैल झालाय. मेकॅनिककडून बदलून घ्या.
▪ आवाज दबका येतोय? हेडवर मळ असेल. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या.
▪ फीत सैल आहे? चाकात पेन्सिल घालून हलकेच फिरवा.
▪ फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका.
▪ जपायच्या कॅसेटचे मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान तोडा. मग चुकून त्यावर रेकॉर्डिंग होत नाही.

आपल्याकडच्या उन्हात कॅसेट ठेवू नका, स्पीकरला चिकटून तर नाहीच. आणि घरात आजी-आजोबांचा आवाज असलेली एखादी कॅसेट असेल, तर सगळ्यात आधी ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.