व्हिएतनाममध्ये ‘हो’ म्हणजे सौदा नव्हे

वरठीचे नाव निघाले की भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आठवतो. अशा गावच्या फिटर-वेल्डरला परदेश म्हटले की आखात दिसते. व्हिएतनामची रीत त्याहून निराळी आहे. जाणाऱ्याने ती आधीच समजून घ्यावी.

तेथे पहिल्याच भेटीत वय विचारतात. राग मानू नये. आपण दादा, काका म्हणतो तसे तेथेही वयावरूनच संबोधन ठरते.

खरा घोटाळा होकाराचा. समोरचा ‘या’ (उत्तरेत ‘झा’) म्हणतो, आपण सौदा पक्का समजतो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. म्हणून मजुरी आणि मालाची तारीख लेखी घ्यावी. चूक चारचौघांत दाखवू नये, बाजूला घेऊन सांगावी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ‘तेत’ हा नववर्षाचा सण येतो. तेव्हा कामे ठप्प होतात. माल त्याआधीच उचलावा.

‘चाय’ मागितल्यास शाकाहारी जेवण समजतात. चहाला ‘त्रा’ म्हणतात. डुकराचे मांस सर्रास असते, म्हणून विचारूनच खावे. सायगावात डोंग झू रस्त्यावर भारतीय मुसलमानांनी १९३५ साली बांधलेली मशीद आहे. हलाल जेवणाची चौकशी तेथे करावी. हनोईची अल-नूर मशीदही मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उभारली. आपली माणसे तेथे नवखी नाहीत.

मात्र पर्यटक व्हिसावर मजुरी बेकायदा आहे. परवाना मालकाने काढायचा असतो. तो पाहिल्याशिवाय दलालाला पैसा देऊ नये.