टाकीवरचा कॅमेरा व्हिडिओ पाठवत नाही

ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला नाही असे होत नाही. वरची टाकी भरली का, पंप बंद केला का, हे बघायला कुणाला तरी गच्ची गाठावी लागते. मग एखाद्या घरातली इंजिनिअरिंगची मुलगी किंवा मुलगा लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२-कॅम हा छोटासा बोर्ड आणतो, टाकीच्या झाकणाजवळ बसवतो, आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पाणी दिसू लागते. सुरुवातीला कौतुक होते. मग तक्रारी येतात: चित्र अडकते, उशिरा येते, दुसऱ्याला उघडतच नाही. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच समज असतो, तो म्हणजे कॅमेऱ्यातून व्हिडिओ येतो.

येत असतात ते एकामागून एक सुटे फोटो. ईएसपी३२ या चिपमध्ये स्वतःची मेमरी ५२० किलोबाइट. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे एक कच्चे चित्र, दर ठिपक्याला दोन बाइट धरले तर, ६०० किलोबाइटचे होते. म्हणजे एक साधे चित्रही चिपच्या पोटात मावत नाही! म्हणून बोर्डावर जास्तीची मेमरी दिलेली असते, आणि ओव्ही२६४० हा कॅमेरा स्वतःच चित्र जेपेगमध्ये दाबून देतो. चिपमधला वेब सर्व्हर ब्राउझरला आधी सांगतो, ‘आता तुकडे येतील, नवा आला की जुना काढून त्या जागी लाव.’ मग प्रत्येक तुकड्याआधी खुणेची ओळ, फोटोचा आकार, आणि पाठोपाठ फोटो. ही सोय नेटस्केप ब्राउझरने १९९५ मध्ये आणली. इतकी जुनी युक्ती इतक्या लहान चिपला आजही उपयोगी पडते, याचे मला खरोखर अप्रूप वाटते.

एवढे कळले की काही प्रश्न आपोआप सुटतात. ‘जरा मागे नेऊन दाखव, पाणी कधी वाहायला लागले ते बघू,’ असे सेक्रेटरींनी म्हटले तरी ते शक्य नाही. जुना फोटो गेलेला असतो. रेकॉर्डिंग हवे तर फोटो कुठेतरी साठवण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. आवाजही येत नाही, कारण फोटोला आवाज नसतो.

‘पाणी संथ आहे, मग डेटा कितीसा जाणार?’ हा समजही चुकीचा. एच.२६४ सारख्या व्हिडिओच्या पद्धतीत आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेच मुख्यतः पाठवतात. इथे प्रत्येक फोटो पूर्ण जातो, पाणी हलो वा न हलो. एक फोटो २५ किलोबाइटचा आणि सेकंदाला दहा फोटो धरले तर तासाला ९०० मेगाबाइट होतात, दिवसाला २१ गिगाबाइटच्या वर. टाकीसाठी याची गरजच नाही. दर दहा सेकंदांना एक फोटो मागवला तर तासाचा हिशेब ९ मेगाबाइटवर येतो, आणि पाण्याची पातळी तितकीच नीट कळते.

मात्र सुटा फोटो मागवताना एक खोच आहे. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरची एक रीत अशी, की जागा रिकामी झाली की लगेच चित्र घेऊन ठेवायचे आणि कुणी मागेपर्यंत तेच धरून बसायचे. रात्री अकराला शेवटचा फोटो बघितला असेल तर सकाळी सहाला मागवल्यावर हाती येतो तो रात्री अकराचाच. टाकी रिकामी दिसते, पंप लावला जातो, आणि गच्चीवर पाणी वाहते. प्रोग्राममध्ये ‘ग्रॅब लेटेस्ट’ ही रीत निवडून चित्रासाठी निदान दोन जागा ठेवाव्यात, नाहीतर पहिले एक-दोन फोटो टाकून द्यावेत.

चित्र अडकले की ‘नेट स्लो आहे’ म्हणून ब्रॉडबँडवाल्याला फोन जातो. पण घरच्या वायफायवरून टाकी बघताना इंटरनेट मध्ये येतच नाही. पावसाळ्यात फायबर तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत चित्र दिसत राहते. दोष बहुतेक वेळा वायफायच्या गर्दीचा असतो. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तिथे तीनच: १, ६ आणि ११. प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर असलेल्या इमारतीत ती भरून गेलेली असतात. त्यात स्लॅब आणि टाकीतले पाणी लहरी शोषून घेतात. बाहेरचा अँटेना लावता येतो, पण नुसती वायर खोचून भागत नाही. बोर्डावरचा राईएवढा रेझिस्टर काढून बाजूच्या टोकांवर सोल्डर करावा लागतो. ‘बोर्ड सारखा रिस्टार्ट होतो, खराब निघाला,’ असे वाटले तर आधी चार्जर आणि बारीक यूएसबी केबल बदलून बघावी. वायफाय सुरू होताना विजेची ओढ वाढते, व्होल्टेज पडते आणि चिप स्वतःला बंद करून घेते.

लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की सगळे एकदम बघतील, ही अपेक्षाही फोल ठरते. बोर्डासोबत मिळणाऱ्या नमुना प्रोग्रामात फोटो पाठवण्याचे काम न संपणाऱ्या फेऱ्यात चालते, आणि तो सर्व्हर एका वेळी एकच काम हाती घेतो. पहिल्याने टॅब बंद करेपर्यंत दुसरा ताटकळतो. म्हणूनच त्या नमुन्यात बटणांचे पान ८० क्रमांकाच्या पोर्टवर आणि चित्र ८१ वर, असे दोन सर्व्हर ठेवले आहेत. नाहीतर चित्र चालू असताना बटणेही गोठली असती. अनेकांना दाखवायचे तर मध्ये रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप ठेवावा. त्याने बोर्डाकडून एकदाच चित्र घ्यावे आणि सगळ्यांना वाटावे.

सर्वांत घातक समज मात्र हा, की ‘आपला पत्ता कुणाला माहीत आहे? कोण बघणार?’ १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता बाहेरून उघडत नाही, हे खरे. पण ऑफिसातून टाकी दिसावी म्हणून राउटरवर पोर्ट उघडले की सारे जग तो दरवाजा ठोठावू शकते, आणि ठोठावणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. नमुना प्रोग्रामात पासवर्डच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्याचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे सक्तीचे निकष अधिसूचित केले, पण घरी जोडलेल्या बोर्डाची काळजी जोडणाऱ्यालाच घ्यावी लागते.

शिवाय काही ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही. दोन्हीवर उपाय व्हीपीएन. चित्र वाटणाऱ्या त्याच लॅपटॉपवर आतून बाहेर जोडणी करणारे व्हीपीएन बसवले की पोर्ट उघडावे लागत नाही, आणि ठाण्याच्या ऑफिसातून डोंबिवलीची टाकी फक्त ज्यांना परवानगी दिली आहे त्यांनाच दिसते.