ताम्रपटातील तगर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात दक्षिणेतील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख येतो : पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. पैठण सर्वांना ठाऊक होते. तगराविषयी मात्र एकोणिसाव्या शतकातील विद्वानांचे एकमत होईना. कोणी जुन्नर म्हटले, कोणी दौलताबाद, डॉ. भांडारकरांनी धारूर सुचविले.

या घोळाला कोरीव लेखांनीही हातभार लावला. कोकणचे व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. साहजिकच तगर त्यांच्या मुलखात शोधण्याचा मोह होई. पण बिरुद घराण्याबरोबर फिरते. त्यावरून मूळ गाव कळते, राजधानी नव्हे.

ताम्रपटाचेही तसेच. आपल्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा ‘हैदराबाद ताम्रपट’ बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने शके ५३४ (इ. स. ६१२-१३) मध्ये दिला. (कानडी विभागातील मित्रांना या राजाची ओळख करून द्यावयास नको!) तगर येथे राहणाऱ्या ज्येष्ठशर्मा नावाच्या ब्राह्मणास मकरप्पी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणून हैदराबाद म्हणजे तगर असे कोणी म्हणणार नाही. तांब्याचा पत्रा हातोहात कोठेही जातो. मात्र सातव्या शतकात तगर नांदते गाव होते, एवढे त्यावरून पक्के ठरते.

जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली हे पुरावे एकत्र तोलले आणि बोट ठेवले ते तेरवर. गोरोबाकाकांचे हे तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. तगर या नावाचे झिजून तेर होणे भाषेच्या नियमांत बसते. पैठणहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे बैलगाडीची दहा दिवसांची वाट. दिशा तेवढी नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे. पुढे तेथील उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीही उजेडात आली.

बायबलातील नगरे शोधतानाही हीच अडचण येते. जेरुसलेमच्या उत्तरेस अल-जिब नावाचे खेडे आहे. यहोशवाच्या कथेत जेथे सूर्य थांबला ते गिबोन हेच, असे एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ सालीच नावाच्या साम्यावरून म्हटले होते. १९५६ मध्ये जेम्स प्रिचर्ड यांना तेथे ‘गिबोन’ ही अक्षरे कोरलेले मडक्यांचे कान सापडले. तरीही शंका उरली : मडकी दुसरीकडून आली असतील तर? नंतर तेथेच खडकात खोदलेली द्राक्षमद्याची तळघरे निघाली, मातीचे नरसाळे आणि मडक्यांची बुचेही मिळाली. मडकी त्या गावातच भरली जात होती.