इन्फ्रारेड कॅमेऱ्यातला धूसरपणा आणि मोडी कागदांचं वाचन

काजळीच्या शाईने लिहिलेला मोडी कागद पाण्याने, तेलाने कितीही काळवंडला तरी त्यावरचं लेखन बहुधा गेलेलं नसतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, इतकंच. काजळी म्हणजे कार्बन. तो इन्फ्रारेड प्रकाशही शोषून घेतो, तर डागाचा तपकिरी रंग त्या प्रकाशात बराचसा विरून जातो. म्हणून इन्फ्रारेड फोटोत कागद उजळ आणि अक्षर काळं कुळकुळीत येतं. वर मारलेला जांभळा शिक्काही बहुतेक वेळा नाहीसा होतो आणि खालचा मजकूर वाचता येतो. हिराकस-मायफळाची शाई असेल तर मात्र उलटं, ती या प्रकाशात फिकी पडते. तेव्हा हा उपाय सगळ्याच कागदांना लागू नाही.

जवळपास प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती काढून टाकलेला एक वापरलेला कॅमेरा आपल्या मंडळाने घेतला. त्यात हाताचा कंप मारण्यासाठी सेन्सरच हलवणारी यंत्रणाही आहे. (मिनोल्टाने २००३ साली डिमाज ए-१ मध्ये ही सोय आणली, आता ती सर्रास मिळते.) इंदूरच्या एका घराण्यातला रुमाल सोडून पहिली पानं घेतली आणि फोटो मऊ, धूसर आले. एका पत्राच्या शेवटी ‘छ’च्या पुढचा आकडा १ आहे की ९, हे काही केल्या ठरेना. आठ दिवसांचा फरक म्हणजे ते पत्र दुसऱ्या एका पत्राच्या आधीचं की नंतरचं, हाच प्रश्न. कागद इतका जीर्ण, की दर वेळी घडी उलगडली की कडेचा चुरा हातात येतो. अशा पानाला फार वेळा हात लावता येत नाही.

मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे दप्तर बाजूला ठेवलं आणि कॉपी स्टँडवर वर्तमानपत्राचं पान ठेवलं. बारीक छपाई चारही कोपऱ्यांत असते, आणि फाटलं तरी दुःख नाही. धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखावं, मग स्क्रू ड्रायव्हरला हात लावावा. अक्षराला एकाच दिशेने दुहेरी कड दिसली तर काहीतरी हललं आहे. सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर फोकस चुकला आहे. एकच बाजू मऊ असेल तर कुठेतरी तिरकेपणा आहे. आमच्याकडे पहिली आणि तिसरी, दोन्ही लक्षणं होती.

फोकसचं आधी सांगतो, कारण काच काढलेल्या कॅमेऱ्याबद्दल पहिला संशय तोच येतो. काच जितकी जाड, तिच्या साधारण एक तृतीयांशाने ती प्रतिमा मागे ढकलते. २ मिलिमीटरची काच काढून तिथे काहीच बसवलं नाही तर प्रतिमा सुमारे ०.७ मिलिमीटर पुढे पडते. शिवाय बहुतेक लेन्समध्ये इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशाच्या मागे पडतो. जुन्या लेन्सवरची लाल खूण त्यासाठीच असे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे तिथे हे सगळं भोवतं. आमचा कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस बघतो. त्यात दूरचा डोंगर कदाचित साधणार नाही, पण हातभरावरच्या कागदाला अडचण नाही. फोकस पडद्यावर मोठं करून हाताने लावला, म्हणजे ही शंका मिटली.

अ‍ॅपर्चर बारीक करून धूसरपणा झाकता येईल, असं एका सभासदाने सुचवलं. दृश्य प्रकाशात थोडंफार जमतं, इथे नाही. ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशात एफ १६ ला एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर सुमारे ३३ मायक्रॉनचा होतो, एफ ५.६ ला १२ च्या आत राहतो. सेन्सरचा एक पिक्सेल चार-पाच मायक्रॉनचा. म्हणजे एफ १६ ला मोडीची बारीक गाठ आपणच पुसून टाकतो.

दुहेरी कड कुठून आली, ते लवकर सापडलं. साध्या एलईडी दिव्यात इन्फ्रारेड जवळपास नसतंच, म्हणून आम्ही हॅलोजन वापरतो. तो कागदाला तापवतो म्हणून लांब ठेवावा लागतो आणि एक्स्पोजर दोन-दोन सेकंदांचं होतं. कॅमेरा स्टँडवर घट्ट असताना कंप मारणारी यंत्रणा चालू राहिली तर ती नसलेला कंप शोधत सेन्सर हलवत राहते. त्यातून काच काढल्याने सेन्सरच्या तबकडीचं वजनही बदललेलं. मेनूतून यंत्रणा बंद केली, दोन सेकंदांचा टायमर लावला. दुहेरी कड गेली.

डावी बाजू मात्र मऊच राहिली. स्टँडवर छोटा आरसा ठेवून बघितलं तर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी, म्हणजे कॅमेरा कागदाला समांतर. लेन्स बदलली, फरक नाही. कॅमेरा १८० अंशांनी फिरवला, तर मऊ बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली. तेव्हा दोष टेबलाचा नाही, कॅमेऱ्याच्या आतला. मग तेच वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून समोरून फोटो घेतला. चारही कोपरे स्वच्छ! कॅमेरा खाली तोंड करून टांगला की पुन्हा डावी बाजू गेली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मेनूत यंत्रणा ‘बंद’ केली म्हणजे सेन्सर खिळ्याने ठोकला जातो असं नाही. आमच्या कॅमेऱ्यात सेन्सरची तबकडी बारीक गोळ्यांवर चुंबकांनी धरलेली असते आणि बंद असतानाही ती विजेच्या जोरावरच मधोमध राहते. तोंड खाली केलं की तिचं वजन लेन्सच्या दिशेने ओढतं. एफ ५.६ ला सेन्सर पुढेमागे साधारण ०.०५ मिलिमीटर हलला तर चालतं, साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतकं. एक कड त्याहून जास्त उचलली गेली की संपलं.

दुरुस्ती करणाऱ्याने उघडल्यावर कारण दिसलं. काच काढून जोडणी करताना सेन्सरची लवचीक केबल दुमडून बसली होती आणि ती तबकडीला एका बाजूने रेटत होती. आडव्या कॅमेऱ्यात चुंबक तिला पुरून उरत. तोंड खाली झालं की वजन आणि केबल एक होत. केबल सरळ बसवली आणि काढलेल्या काचेइतक्या जाडीची साधी पारदर्शक काच लावली. त्या काचेमुळे तबकडीचं वजनही बरंचसं पूर्ववत झालं.

दुरुस्तीला नेताना ‘फोटो धूसर येतो’ एवढंच सांगू नका, समोरचा लेन्स पुसून परत देईल. भिंतीवरचा आणि स्टँडवरचा असे दोन्ही फोटो छापून न्या. आणि संगणकावर शार्पन करून वेळ मारून नेण्याचा मोह तर अजिबात नको. ती आज्ञा अक्षराच्या कडेला नवी कड तयार करते, आणि मोडीत एवढ्याशा फाट्यावर वाचन बदलतं. मंडळाच्या संग्रहात मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

त्या पत्राचं पान आम्ही एकदाच पुन्हा उघडलं. आकडा ९ आहे. गाठ उजवीकडे उघडलेली स्पष्ट दिसते.