झुंपा लाहिरींच्या कथेतली रेल्वे

झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) ही कादंबरी वाचाल तेव्हा रेल्वेवर नजर ठेवा! जमशेदपूरला निघालेला तरुण अशोक रेल्वे अपघातातून कसाबसा वाचतो, त्या रात्री तो रशियन लेखक गोगोलच्या कथा वाचत असतो. पुढे अमेरिकेत जन्मलेल्या त्याच्या मुलाचं नाव गोगोलच. या मुलाचं प्रेम ट्रेनमध्ये जुळतं, लग्नातलं खोटंही ट्रेनमध्येच उघडं पडतं.

गोगोलच्या आईवडिलांसाठी कलकत्त्याची फेरी म्हणजे घरी परतणं. मुलांसाठी मात्र महिनोन्‌महिने नातेवाइकांकडचा मुक्काम.

लाहिरींच्याच 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' (१९९९, पुलित्झर २०००) या कथासंग्रहाच्या शीर्षककथेत अमेरिकेत जन्मलेलं दास दांपत्य कोणार्कला चक्क पर्यटक म्हणून जातं, हातात गाइडबुक घेऊन! स्थलांतर आईवडिलांचं, पण प्रवास संपत नाही तो मुलांचा. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचाच.