ज्युनियर म्हणजे नेमका कोण?

आपल्या हॉस्टेलमध्ये 'ज्युनियर' कोण, हे कुणी सांगावं लागत नाही. मेसच्या लाइनीत ताट घेऊन सगळ्यात मागे जी उभी असते, गरम पाणी किती वाजता संपतं हे जिला अजून कळलेलं नसतं, ती ज्युनियर. पण जगात एक स्पर्धा अशी आहे जिथे ज्युनियर कोण हे फक्त एका तारखेवरून ठरतं. आणि त्या तारखेच्या हिशोबानं मी, तुमची थर्ड इयरची मैत्रीण, चक्क म्हातारी झाले आहे. वयाच्या विसाव्या वर्षी!

(आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्यासाठी हर्डल्स. संपादक मंडळानं काही पाडले असतील, काही उचलले असतील. सांभाळून घ्या.)

तर स्पर्धा आहे जागतिक कनिष्ठ मैदानी स्पर्धा, म्हणजे वर्ल्ड ज्युनियर अॅथलेटिक्स. पहिली १९८६ साली ग्रीसमधल्या अथेन्सला झाली आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी भरते. २०१६ पासून तिचं अधिकृत नाव 'अंडर-ट्वेंटी' झालं, पण आपण ज्युनियरच म्हणू. एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच खेळाडू उतरू शकतात. त्यामुळे केनियाचा तिसरा सर्वोत्तम मुलगा, जो कदाचित जगातही तिसरा असेल, तो घरी बसून निकाल बघतो.

आता नियम. स्पर्धा ज्या वर्षी असेल त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमचं वय १६, १७, १८ किंवा १९ असलं पाहिजे. बस्स, एवढंच. दिसायला अगदी साधा नियम, पण इंजिनियरिंगवाल्यांनी जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. यात दोन गमती आहेत.

पहिली गंमत अशी की १ जानेवारीला जन्मलेली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेली, दोघी एकाच वयाच्या धरल्या जातात. प्रत्यक्षात एक दुसरीपेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी. सोळा-सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती, हे दहावी ते अकरावी ज्याच्या पँटा आखूड झाल्या त्याला विचारा.

दुसरी गंमत सम-विषमाची. स्पर्धा सम वर्षी येते. माझा जन्म २००५ चा. म्हणजे २०२२ ला मी १७ ची आणि २०२४ ला १९ ची, अगदी वरच्या पायरीवर. माझ्या रूममेटचा जन्म २००६ चा. ती २०२२ ला १६ ची, २०२४ ला १८ ची आणि २०२६ ला थेट बाद! म्हणजे विषम वर्षी जन्मलेल्यांना शेवटची संधी एकोणिसाव्या वर्षी मिळते आणि सम वर्षीवाल्यांना अठराव्या. आईवडिलांनी हा विचार केलेला नसतो, हे उघड आहे. त्यातून २०२० ची नैरोबीची स्पर्धा कोरोनामुळे २०२१ ला गेली आणि हे सगळं गणितच उलटंपालटं झालं. २००१ साली जन्मलेल्यांची वरची पायरीच गेली. कुणाची चूक नाही, कुणाकडे तक्रारही नाही.

बरं, या तारखेच्या अगदी खालच्या टोकावरून आलेला एक मुलगा तुम्हाला माहीत आहे. २००२ ची स्पर्धा जमैकात, किंग्स्टनला होती. घरचं मैदान, गच्च भरलेलं स्टेडियम. दोनशे मीटरच्या फायनलला एक उंच मुलगा इतका घाबरला होता की त्यानं बूट उलट्या पायांत घातले. हे त्यानंच नंतर सांगितलं आहे. तो २०.६१ सेकंदांत जिंकला. सोळावा वाढदिवस अजून महिनाभर लांब होता. त्याचं नाव उसेन बोल्ट. त्याच किंग्स्टनमध्ये आपल्या सीमा अंतिलनं थाळीफेकीत ब्राँझ मिळवलं. त्याआधी २००० साली सांतियागोला तिनं सुवर्ण जिंकलं होतं, पण सर्दीच्या औषधांत असणारं सुडोएफेड्रिन चाचणीत सापडलं आणि पदक काढून घेतलं गेलं. म्हणून भारताच्या नावावर टिकलेलं पहिलं पदक किंग्स्टनचं.

आणि तारखेच्या दुसऱ्या टोकाला नीरज चोप्रा. जन्म २४ डिसेंबर १९९७. २०१६ ला पोलंडमधल्या बिडगॉश्चला तो '१९ चा' म्हणून उतरला, पण खरा होता अठराचा. एक आठवडा उशिरा जन्मला असता तरी पुढच्या स्पर्धेला चालला नसता. २३ जुलैला त्यानं भाला टाकला ८६.४८ मीटर. ज्युनियर विश्वविक्रम, आधीच्यापेक्षा पावणेदोन मीटरहून जास्त. मैदानी खेळांत कुठल्याही वयोगटात भारताचा पहिला विश्वविजेता.

इथे थोडं थांबते, कारण हे मला फार लागलं होतं. ज्युनियर मुलांसाठी बरीच साधनं हलकी असतात. मोठ्यांचा गोळा ७.२६ किलोचा, ज्युनियरचा ६ किलोचा. थाळी २ किलोऐवजी पावणेदोन. अडथळे १०६.७ सेंटिमीटरऐवजी ९९.१. भाला मात्र तोच, ८०० ग्रॅम. म्हणजे नीरजची फेक थेट मोठ्यांच्या शेजारी ठेवून बघता येते. पुढच्याच महिन्यात रिओ ऑलिंपिक झालं, तिथे भालाफेकीचं ब्राँझ ८५.३८ मीटरला गेलं. आणि नीरज तिथे नव्हताच! पात्रतेसाठी ८३ मीटर हवे होते आणि मुदत होती ११ जुलैपर्यंत. त्याआधी त्याची सर्वोत्तम फेक होती ८२.२३. सत्याहत्तर सेंटिमीटर कमी आणि बारा दिवस उशीर. असाइनमेंट सबमिशनच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण होणाऱ्या माझ्यासारखीला हे दुःख कळतं, फक्त माझ्या असाइनमेंटनं कधी विश्वविक्रम केला नाही.

तारखांवरून एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या घरात आजोबा, मोठे काका, मधले काका, सगळ्यांचा वाढदिवस १ जून. लहानपणी मला वाटायचं, केवढा योगायोग! मग कळलं की त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजीच तारीख टाकायचे, शाळा जूनमध्ये सुरू म्हणून १ जून. तेव्हा ती सोय होती. खेळात मात्र जन्मतारीख म्हणजे थेट फायदा आणि आपल्या देशात ती 'सोयीची' करून घेण्याचा रोग जुना आहे. मी शाळेत ४०० मीटर धावायचे. एका स्पर्धेत, १७ वर्षांखालील गटात, माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक मुलगी होती. तिच्याच शाळेच्या मुली तिला 'ताई, पाणी हवंय का?' असं विचारत होत्या. मी दुसरी आले. आमचे पीटीचे सर म्हणाले, 'कागद आहेत ना तिच्याकडे, मग झालं.' झालं ते झालं.

यावर उपाय म्हणून डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो, तो हळूहळू हाडात विरघळून जातो. कुठलं हाड कितपत जुळलं त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. पण यात एक अडचण आहे. मुलींमध्ये साधारण पंधरा आणि मुलांमध्ये साडेसोळाच्या आसपास मनगटाची हाडं जुळून मोकळी होतात. त्यापुढे एक्स-रे मुका! एकोणीस की एकवीस हे तो सांगू शकत नाही. म्हणजे ज्या गटात जगज्जेतेपद मिळतं, त्याच गटात यंत्राचा उपयोग नाही, पुन्हा कागदच.

आता माझ्या आवडीच्या शर्यतीकडे. १२ जुलै २०१८, फिनलंडमधलं टाम्पेरे, मुलींची ४०० मीटर फायनल. आसामच्या धिंगजवळच्या शेतकऱ्याची मुलगी हिमा दास चौथ्या लेनमध्ये. आधी ती मुलांबरोबर फुटबॉल खेळायची.

सुरुवातीला कोण पुढे आहे हे कळतच नाही, कारण सगळ्या तिरक्या रांगेत उभ्या असतात. का? तर बाहेरची लेन लांब पडते. एक लेन १.२२ मीटर रुंद. दोन गुणिले पाय गुणिले १.२२, म्हणजे प्रत्येक लेनमागे ७.६७ मीटरची सूट. (हा 'पाय' आपला गणितातला, धावायचा नव्हे.) फक्त पहिली लेन आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या २० वर, म्हणून दुसरीला ७.०४ च मिळतात. बेरीज करा, चौथ्या लेनमधली हिमा पहिल्या लेनच्या २२.३७ मीटर पुढून सुटली. खरं चित्र शेवटच्या वळणावरून बाहेर आल्यावरच दिसतं. तिथे रोमानियाची अँड्रिया मिक्लोस पुढे होती आणि हिमा मागे.

मग हिमा सुसाट सुटली, असं सगळे म्हणतात. मीही तेरा वर्षांची असताना आईच्या मोबाइलवर ते बघून तसंच म्हणाले होते. पण ४०० मध्ये शेवटच्या शंभर मीटरला कुणीच सुसाट सुटत नाही! पहिल्या काही सेकंदांत स्नायूतलं तयार इंधन संपतं. मग शरीर पुरेशा ऑक्सिजनशिवाय साखर वापरायला लागतं, आम्ल आणि फॉस्फेट साठत जातं आणि स्नायू नीट आखडेनासे होतात. पाय मणामणाचे होतात म्हणतात ते हेच. वेग पहिल्या शंभरातच कळसाला पोचतो आणि मग सगळ्यांचाच उतरत जातो. जिचा कमी उतरतो ती बाकीच्यांच्या मानानं पुढे सरकते आणि आपल्याला वाटतं तिनं वेग वाढवला. सापेक्ष वेग, फर्स्ट इयरचाच धडा. हिमा ५१.४६ सेकंदांत आली, मिक्लोस ५२.०७ मध्ये. माझी आजवरची सर्वात चांगली वेळ ७२ सेकंद. म्हणजे हिमा पोचली तेव्हा माझे अजून ११४ मीटर बाकी असते, मी शेवटचं वळणही पूर्ण केलं नसतं.

ट्रॅकवर, म्हणजे धावण्यात, भारताचं कुठल्याही जागतिक स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. आणि त्याच सुमारास काय गाजलं? सेमीफायनलनंतर ती पत्रकारांशी इंग्रजीत बोलली, तेव्हा आपल्याच महासंघानं ट्विटरवर लिहिलं की तिचं इंग्रजी फारसं अस्खलित नाही, पण प्रयत्न चांगला केला. लोक चिडले, महासंघानं माफी मागितली. मी खरं सांगू का? व्हिडिओ बघताना माझंही पहिलं लक्ष तिच्या इंग्रजीकडेच गेलं होतं. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड होता, त्यामुळे कान आपोआप तिकडेच जायचे. ज्या मुलीच्या मी ११४ मीटर मागे आहे तिचं व्याकरण मी तपासत होते!

पुढच्या महिन्यात जकार्ताच्या एशियाडमध्ये हिमानं ५०.७९ ची वेळ दिली. ती तिची सर्वोत्तम ठरली. २०१९ ला पाठ दुखावली, मग दुखापतींची रांगच लागली आणि टोकियो ऑलिंपिकला तिला जाता आलं नाही. त्याच टाम्पेरेत नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्त्सेन १५०० मीटरला दुसरा आणि ५००० ला तिसरा आला, केनियाच्या मुलांनी त्याला हरवलं. पुढच्याच महिन्यात बर्लिनला त्यानं मोठ्यांच्या युरोपियन स्पर्धेत दोन्ही शर्यती जिंकल्या. आता टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच्याकडे आहेत. त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटनं तर २०१२ ला जुलैत बार्सिलोनाला ज्युनियर भालाफेक जिंकली आणि ऑगस्टमध्ये लंडनला ऑलिंपिक! तेही एकोणिसाव्या वर्षी. यातून पुढचा अंदाज कसा बांधायचा, मला तरी जमलेलं नाही. नैरोबीत लांब उडीत आपल्या शैली सिंगनं ६.५९ मीटर उडी मारली, स्वीडनच्या मुलीनं ६.६०. एक सेंटिमीटर. तेव्हा शैली सतरा वर्षांची होती.

असो. माझं वय गेलं, पण २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या फर्स्ट इयरच्या मुलींसाठी एक माहिती. आपल्या ग्राउंडचा राउंड ४०० मीटरचा आहे असं सगळे सांगतात, ते खोटं आहे. मी आणि सिव्हिलच्या दोघींनी सर्व्हे लॅबची टेप मागून आणून तो मोजला. ३३० भरला. तेव्हा खरी वेळ काढायची असेल तर एक पूर्ण राउंड आणि पुढे मेसच्या मागच्या नळापर्यंत. तिथे आम्ही चुन्यानं खूण केली आहे, पावसानं गेली तर पुन्हा करू. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. सकाळी साडेपाचला दार वाजवलं तरी चालेल, परीक्षेच्या आठवड्यात मात्र नको.